बहुउद्देशीय प्रतिबंध तंत्रज्ञान

बहुउद्देशीय प्रतिबंध तंत्रज्ञान (संक्षेपाने एमपीटी) ही संज्ञा एचआयव्हीचा संसर्ग, लैंगिक संबंधातून पसरणारे अन्य संसर्ग आणि अनियोजित गर्भधारणा या तीन धोक्यांपैकी किमान दोहोंपासून एकाच वेळी संरक्षण देणाऱ्या साधनांसाठी वापरली जाते. २०२४ अखेरपर्यंत या वर्गातील दोनच साधने सर्वसाधारण वापरात आलेली होती : पुरुषांचा कंडोम आणि स्त्रियांचा कंडोम. स्त्रीला स्वतःच्या निर्णयाने, जोडीदाराच्या संमतीवर अवलंबून न राहता वापरता येईल असे संयुक्त साधन तयार करणे हे या क्षेत्रातील संशोधनाचे मुख्य उद्दिष्ट आहे. त्या दृष्टीने गोळ्या, योनीत बसवायच्या रिंग, जेल, विरघळणारे पापुद्रे, इंजेक्शने आणि त्वचेखाली बसवायच्या कांड्या यांवर संशोधन झाले आहे. यांपैकी एचआयव्ही व गर्भधारणा या दोहोंचा एकत्रित प्रतिबंध करणाऱ्या साधनांवर सर्वाधिक काम झाले आहे.

संकल्पना

एचआयव्हीचा संसर्ग आणि गर्भधारणा यांचे कारण अनेकदा एकच शरीरसंबंध असतो. तरीही दोहोंच्या प्रतिबंधाची साधने, दवाखाने, कर्मचारी आणि निधी बहुतेक देशांत वेगवेगळे आहेत. गर्भनिरोधक गोळी, तांबी, संप्रेरकाचे इंजेक्शन किंवा नसबंदी यांमुळे गर्भधारणा टळते, पण एचआयव्ही टळत नाही. एचआयव्ही टाळण्यासाठी आधीपासून घ्यावयाच्या औषधांमुळे, म्हणजे 'प्रेप'मुळे, संसर्ग टळतो. पण गर्भधारणा टळत नाही.

एक गर्भनिरोधक आणि त्याशिवाय कंडोम किंवा प्रेप अशी दोन साधने एकाच वेळी वापरण्यास 'दुहेरी पद्धत' म्हणतात. ती परिणामकारक असली तरी दोन साधने मिळवणे, आठवणीने वापरणे आणि घरात ठेवणे हा भार स्त्रीवरच पडतो. बहुउद्देशीय साधनामागील कल्पना अशी की, गर्भनिरोधक वापरण्याची इच्छा व सवय अनेक स्त्रियांना असतेच. त्याच साधनात एचआयव्ही-प्रतिबंधक औषध घातल्यास दुसरे संरक्षण वेगळ्या श्रमाविना मिळेल. या विषयावरील संशोधक व निधी देणाऱ्या संस्थांमध्ये समन्वय साधण्यासाठी २००९ मध्ये 'इनिशिएटिव्ह फॉर मल्टिपर्पज प्रिव्हेन्शन टेक्नॉलॉजीज' हा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला.

गरज

संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाच्या (यूएनएड्स) अंदाजानुसार २०२३ मध्ये जगातील एचआयव्हीच्या नव्या संसर्गांपैकी ४४ टक्के संसर्ग स्त्रिया व मुलींना झाले. १५ ते २४ वयोगटातील सुमारे ४,००० मुली व तरुणींना दर आठवड्याला संसर्ग होत होता आणि त्यांपैकी सुमारे ३,१०० सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील होत्या. दुसरीकडे, २०१५ ते २०१९ या काळात जगात दरवर्षी सुमारे १२.१ कोटी गर्भधारणा अनियोजित होत्या, असा अंदाज आहे. हे प्रमाण एकूण गर्भधारणांच्या जवळजवळ निम्मे आहे.

हे दोन्ही धोके एकाच स्त्रीपुढे कसे उभे असतात, हे 'एको' या चाचणीने स्पष्ट केले. एस्वातिनी, केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबिया या देशांतील गर्भनिरोधक हवे असलेल्या ७,८२९ स्त्रियांच्या माहितीवर आधारलेले तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये जाहीर झाले. संप्रेरकाचे तीन महिन्यांचे इंजेक्शन, तांबी आणि दंडातील कांडी या तीन पद्धतींमुळे एचआयव्हीच्या धोक्यात फरक पडतो का, हे पाहणे हा चाचणीचा हेतू होता. तिन्ही गटांत मोठा फरक आढळला नाही. मात्र तिन्ही गट मिळून संसर्गाचे प्रमाण दर १०० स्त्री-वर्षांमागे ३.८१ इतके होते. या स्त्रियांची निवड एचआयव्हीचा विशेष धोका असलेला गट म्हणून झालेली नव्हती. त्या गर्भनिरोधकासाठी आलेल्या होत्या. त्यांना कंडोम आणि समुपदेशनही मिळत होते. कुटुंब नियोजनाच्या दवाखान्यातच एचआयव्ही-प्रतिबंधाची सोय असली पाहिजे, या मागणीला या निष्कर्षाने बळ मिळाले.

कंडोम

योग्य रीतीने व प्रत्येक वेळी वापरल्यास कंडोम गर्भधारणा, एचआयव्ही आणि इतर अनेक संसर्ग टाळतो. प्रत्यक्ष वापरात मात्र त्याची परिणामकारकता घटते. वर्षभरात १०० स्त्रियांमागे पुरुष-कंडोमच्या अचूक वापरात सुमारे २ आणि नेहमीच्या वापरात सुमारे १३ गर्भधारणा होतात. स्त्री-कंडोमच्या बाबतीत हेच आकडे सुमारे ५ आणि २१ आहेत.

पुरुष-कंडोमचा वापर पुरुषाच्या तयारीवर अवलंबून असतो. विवाहात किंवा दीर्घ संबंधात स्त्रीने कंडोमचा आग्रह धरल्यास तो अविश्वासाचा आरोप किंवा स्वतःच्या व्यभिचाराची कबुली समजला जाण्याची भीती असते. मूल हवे असल्यास कंडोम वापरताच येत नाही.

स्त्री-कंडोमची कल्पना डेन्मार्कमधील डॉक्टर लासे हेसेल यांनी विकसित केली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९३ मध्ये त्याला मान्यता दिली. पॉलियुरेथेनचा हा पहिला प्रकार महाग होता आणि वापरताना आवाज होत असल्याची तक्रार असे. नायट्राइलपासून बनवलेल्या स्वस्त दुसऱ्या प्रकाराला २००९ मध्ये मान्यता मिळाली. १९९० च्या दशकात झिम्बाब्वेतील हजारो स्त्रियांनी सह्या करून सरकारकडे स्त्री-कंडोमची मागणी केली होती. पुढे त्या देशात केशरचनेच्या दुकानांतील कारागीर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी याचा प्रसार करण्यात आला. तरीही स्त्री-कंडोमचा जागतिक वापर पुरुष-कंडोमच्या तुलनेत अत्यल्प राहिला. तो बाहेरून दिसत असल्याने जोडीदाराला न कळता वापरणेही शक्य नसते.

संशोधनाचा इतिहास

कोलंबिया विद्यापीठातील साथरोगतज्ज्ञ झेना स्टाइन यांनी १९९० मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात लेख लिहून स्त्रियांना स्वतः वापरता येतील अशा एचआयव्ही-प्रतिबंधक पद्धतींची गरज मांडली. त्यानंतर योनीत लावायच्या जंतुरोधक पदार्थांचे, म्हणजे मायक्रोबिसाइडचे, संशोधन वाढीस लागले. पहिल्या पिढीतील अनेक पदार्थ शुक्राणूंनाही निष्क्रिय करणारे होते. त्यामुळे एकाच जेलने दोन्ही कामे होतील, अशी आशा होती.

नॉनॉक्सिनॉल-९ हे शुक्राणुनाशक अनेक दशके गर्भनिरोधक म्हणून विकले जात होते आणि प्रयोगशाळेत ते एचआयव्हीलाही नष्ट करत होते. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांमध्ये आफ्रिका व थायलंड येथे झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २००० मध्ये दरबान येथील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेत मांडला गेला. त्यानुसार हे जेल वारंवार वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले होते. साबणासारख्या गुणधर्मामुळे हा पदार्थ योनीच्या आतील आवरणाला इजा करतो आणि त्यातून विषाणूला वाट मिळते, असे स्पष्टीकरण दिले गेले. सेल्युलोज सल्फेट या दुसऱ्या पदार्थाची चाचणी जानेवारी २००७ मध्ये थांबवावी लागली. गर्भनिरोधक पडद्याच्या (डायफ्रॅम) दक्षिण आफ्रिका व झिम्बाब्वे येथील चाचणीतही एचआयव्हीपासून अतिरिक्त संरक्षण आढळले नाही.

यानंतर एचआयव्हीच्या उपचारांतील औषधे प्रतिबंधासाठी वापरण्याकडे संशोधन वळले. दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नाताल प्रांतात ८८९ स्त्रियांमध्ये झालेल्या 'काप्रिसा ००४' चाचणीत टेनोफोव्हिरच्या १ टक्का जेलमुळे संसर्गाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१० मध्ये दिसून आले. मात्र 'व्हॉइस' आणि 'फॅक्ट्स ००१' या नंतरच्या मोठ्या चाचण्यांत जेलचा गुण सिद्ध झाला नाही. दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिम्बाब्वेतील ५,०२९ स्त्रियांच्या 'व्हॉइस' चाचणीत सुमारे ९० टक्के वेळा औषध वापरल्याचे सांगितले गेले होते. रक्ताच्या नमुन्यांपैकी जेमतेम एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश नमुन्यांतच ते आढळले. औषध घेताना कोणी पाहिल्यास आपल्याला एड्स झाला आहे असे समजले जाईल ही भीती, जोडीदाराचा विरोध आणि प्रयोगातील औषधाविषयीची शंका ही कारणे नंतरच्या मुलाखतींतून पुढे आली. केवळ रोगाशी जोडलेले साधन स्त्रिया टाळतात, तर गर्भनिरोधकाच्या रूपातील साधन त्या स्वीकारू शकतील, या विचाराला या अनुभवाने चालना दिली.

साधनांचे प्रकार

दुहेरी प्रतिबंध गोळी

ही रोज तोंडाने घ्यावयाची गोळी आहे. तीत प्रेपसाठी वापरली जाणारी टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबिन ही औषधे आणि लेव्होनॉरजेस्ट्रेल व एथिनिल एस्ट्राडिओल ही गर्भनिरोधक संप्रेरके एकत्र केली आहेत. २८ दिवसांच्या पाकिटातील २१ गोळ्यांत चारही घटक असतात, तर उरलेल्या ७ गोळ्यांत केवळ प्रेपची औषधे असतात. नेहमीच्या गर्भनिरोधक पाकिटातील शेवटच्या आठवड्याच्या गोळ्यांत संप्रेरके नसल्याने त्या वगळल्या तरी चालतात. येथे मात्र त्या वगळल्यास एचआयव्हीपासूनचे संरक्षण कमी होते. म्हणून या फरकाचे समुपदेशन महत्त्वाचे मानले जाते.

गोळीचे विकसन व्हायट्रिस या औषध कंपनीने हाती घेतले. दोन्ही घटकांना स्वतंत्रपणे आधीच मान्यता असल्यामुळे परिणामकारकतेच्या मोठ्या चाचण्यांऐवजी जैवसमतुल्यता, म्हणजे एकत्र केल्यावरही शरीरात औषधांचे प्रमाण तितकेच राहते हे दाखवण्याचा मार्ग निवडण्यात आला. दक्षिण आफ्रिका व झिम्बाब्वे येथे एक संयुक्त गोळी आणि दोन वेगळ्या गोळ्या यांची तुलना करणारे अभ्यास झाले.

योनी-रिंग

डॅपिव्हिरिन या औषधाची सिलिकॉनची लवचीक रिंग स्त्री स्वतः बसवू व काढू शकते. ती महिनाभर आत राहते आणि औषध मुख्यतः स्थानिक ऊतींमध्येच पसरते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत तिच्यामुळे संसर्ग अनुक्रमे २७ व ३१ टक्क्यांनी घटला. अधिक नियमित वापर करणाऱ्यांत संरक्षण अधिक आढळले. युरोपियन औषध संस्थेने जुलै २०२० मध्ये तिच्याविषयी अनुकूल मत दिले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२१ मध्ये अतिरिक्त पर्याय म्हणून तिची शिफारस केली. झिम्बाब्वेने २०२१ मध्ये आणि दक्षिण आफ्रिकेने २०२२ मध्ये तिला मान्यता दिली. अमेरिकेतील मान्यतेचा अर्ज मात्र डिसेंबर २०२१ मध्ये मागे घेण्यात आला.

ही रिंग एकट्या एचआयव्हीसाठी आहे. तिच्यात लेव्होनॉरजेस्ट्रेल घालून ९० दिवस चालणारी संयुक्त रिंग तयार करण्यात आली असून तिच्या प्राथमिक चाचण्या झाल्या आहेत. त्यांपैकी एका चाचणीत सलग वापर आणि दर महिन्याला दोन दिवस काढून ठेवणे यांची तुलना करण्यात आली. टेनोफोव्हिर व लेव्होनॉरजेस्ट्रेल यांची आणखी एक ९० दिवसांची रिंग अमेरिकेतील 'कॉनरॅड' या संस्थेने विकसित केली आहे.

जेल व पापुद्रे

लॅक्टिक आम्ल, सायट्रिक आम्ल व पोटॅशियम बायटारट्रेट यांच्या जेलला अमेरिकेत मे २०२० मध्ये गर्भनिरोधक म्हणून मान्यता मिळाली. योनीतील नैसर्गिक आम्लता टिकवून ते शुक्राणूंची हालचाल थांबवते. क्लॅमिडिया व परमा (गनोरिया) यांच्या प्रतिबंधाबाबत त्याच्या मधल्या टप्प्याच्या चाचणीत आशादायक निष्कर्ष मिळाले. परंतु तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २०२२ मध्ये ते टिकले नाहीत. शुक्राणूंना व विषाणूंना चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे, योनीत विरघळणारे पापुद्रेही प्रायोगिक अवस्थेत आहेत. संप्रेरके नको असलेल्या स्त्रियांसाठी हा मार्ग महत्त्वाचा ठरू शकतो.

दीर्घकाळ टिकणारी साधने

केनिया व दक्षिण आफ्रिकेतील तरुणींनी गोळी, रिंग व इंजेक्शन यांचे औषधविरहित नमुने वापरून पाहिलेल्या 'ट्रायो' अभ्यासात इंजेक्शनला सर्वाधिक पसंती मिळाली. एचआयव्ही-प्रतिबंधासाठी दोन महिन्यांनी घ्यावयाचे काबोटेग्राव्हिर आणि सहा महिन्यांनी घ्यावयाचे लेनाकापाव्हिर ही इंजेक्शने आता उपलब्ध झाली आहेत. दक्षिण आफ्रिका व युगांडातील 'पर्पज १' चाचणीत लेनाकापाव्हिर घेणाऱ्या २,१३४ स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, हे २०२४ मध्ये जाहीर झाले. जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. या औषधांत गर्भनिरोधक नाही. मात्र गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांनी घ्यावे लागत असल्याने सहामाही लेनाकापाव्हिरशी त्याचे वेळापत्रक जुळवता येते. एकाच कांडीत वा इंजेक्शनात दोन्ही औषधे घालण्याचे संशोधन प्राथमिक टप्प्यावर आहे.

चाचणी व मान्यतेतील अडचणी

संयुक्त साधनात दोन औषधे एकाच वेगाने व एकाच मुदतीपर्यंत स्रवावी लागतात. संप्रेरकाची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, तर विषाणुरोधकाची त्याच्या कित्येक पट असते. औषधांची परस्परांवरील क्रियाही तपासावी लागते. एचआयव्हीच्या उपचारातील एफाव्हिरेंझ हे औषध लेव्होनॉरजेस्ट्रेलचे रक्तातील प्रमाण घटवून कांडीची परिणामकारकता कमी करते, हे याचे परिचित उदाहरण आहे.

गर्भनिरोधक गुण तपासण्यासाठी आणि एचआयव्ही-प्रतिबंधक गुण तपासण्यासाठी वेगळ्या रचनेच्या चाचण्या लागतात. परिणामकारक प्रेप उपलब्ध असताना काही स्त्रियांना केवळ औषधविरहित नमुना देणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही. त्यामुळे 'पर्पज १' मध्ये तसा गट न ठेवता चाचणीसाठी तपासलेल्या स्त्रियांमधील संसर्गाच्या अंदाजित प्रमाणाशी तुलना करण्यात आली. शिवाय अशा साधनांचा ग्राहकवर्ग प्रामुख्याने अल्प उत्पन्नाच्या देशांत असल्याने मोठ्या कंपन्यांची गुंतवणूक मर्यादित राहते. संशोधन मुख्यतः सार्वजनिक व धर्मादाय निधीवर चालते. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी साहाय्यात केलेल्या कपातीचा या क्षेत्राला मोठा फटका बसला.

वापरात आणताना येणारे प्रश्न

प्रेप सुरू करण्यापूर्वी व सुरू असताना एचआयव्ही चाचणी आवश्यक असते. कारण आधीच संसर्ग झालेला असल्यास अपुऱ्या औषधांमुळे विषाणूत प्रतिकारक्षमता निर्माण होऊ शकते. गर्भनिरोधक गोळीला अशी अट नाही. त्यामुळे संयुक्त गोळी कुटुंब नियोजन केंद्रात द्यायची झाल्यास तेथील परिचारिकांना एचआयव्ही चाचणी व समुपदेशनाचे प्रशिक्षण, किटचा पुरवठा आणि दोन विभागांची एकत्रित नोंदणी यांची व्यवस्था करावी लागते. औषध कोणत्या विभागाने खरेदी करायचे, हा प्रश्नही अनेक देशांत अनुत्तरित आहे.

एस्ट्रोजेन असलेली गोळी अतिरक्तदाब असलेल्या किंवा ३५ वर्षांवरील धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांना योग्य नसते, तर टेनोफोव्हिरसाठी मूत्रपिंडाचे कार्य चांगले असावे लागते. दोन्ही अटी एकत्र आल्याने पात्र स्त्रियांची संख्या घटते.

भारतातील संदर्भ

पुण्यातील गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात झालेल्या आणि १९९७ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, देहविक्री न करणाऱ्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीचा संसर्ग आढळला. त्यांतील बहुतेक विवाहित होत्या आणि त्यांचा संबंध केवळ पतीशीच होता. स्वतःच्या वर्तनात बदल करून धोका टाळणे त्यांना शक्य नव्हते, ही बाब या अभ्यासाने ठळकपणे पुढे आणली.

पुण्यातील भोसरी येथील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने (स्थापना १९९२) मायक्रोबिसाइडच्या अनेक अभ्यासांत भाग घेतला. टेनोफोव्हिर जेलच्या सहा महिन्यांच्या सुरक्षितता चाचणीचे एक केंद्र पुण्यात होते. इतर केंद्रे अमेरिकेत होती. जी. पी. तलवार यांनी विकसित केलेल्या, कडुनिंबाचा अर्क असलेल्या 'प्रनीम' या शुक्राणुनाशक गोळीची सुरक्षितताही पुण्यात तपासण्यात आली होती. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथे तयार होणाऱ्या 'क्युपिड' या स्त्री-कंडोमला २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांची पूर्व-पात्रता मिळाली. त्यामुळे आंतरराष्ट्रीय संस्थांच्या खरेदीसाठी ते पात्र ठरले.

भारतात १९६८ मध्ये 'निरोध' कुटुंब नियोजनाचे साधन म्हणून आले आणि एड्सच्या साथीनंतर त्याला रोगप्रतिबंधाचा अर्थ जोडला गेला. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती, तर कंडोमचा वापर ९.५ टक्के होता. नसबंदीनंतर गर्भधारणेची चिंता उरत नाही आणि कंडोम मागे पडतो. अशा स्त्रियांना संयुक्त साधनाचा उपयोग नसून त्यांच्यासाठी केवळ संसर्ग टाळणारे वेगळे साधन लागते.

मर्यादा व मतभेद

संयुक्त साधनाचा वापर थांबल्यास दोन्ही संरक्षणे एकाच वेळी जातात. मूल हवे असलेल्या, पण एचआयव्ही टाळू इच्छिणाऱ्या स्त्रीला ते उपयोगी पडत नाही. एचआयव्ही व गर्भधारणा यांसाठी तयार केलेली बहुतेक साधने उपदंश, परमा यांसारख्या रोगांपासून संरक्षण देत नाहीत. स्त्रीच्या हाती गुप्त साधन दिल्याने पुरुषांची जबाबदारी आणि हिंसेचा प्रश्न बाजूला पडतो, असाही आक्षेप घेतला जातो. समर्थकांच्या मते सामाजिक बदलाला पिढ्या लागतात आणि तोवर स्त्रीला संरक्षणाविना ठेवता येणार नाही. संयुक्त साधनांनी स्वतंत्र साधनांची जागा घ्यावी असे नसून निवडीचे पर्याय वाढावेत, यावर तज्ज्ञांचे सर्वसाधारण एकमत आहे.

हे सुद्धा पहा

एचआयव्ही
संततिनियमन
कंडोम
तांबी
राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना